गाडी कुठं लावायची, ते आधी सांगा

गाड्या लावून घेणं हा आमचा धंदा. बेळगाव स्टेशनच्या जवळ एका गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची शेड दिसते, ती आमची. वडिलांनी जागा भाड्यानं घेतली तेव्हा तिथं खरोखरच सायकली लागायच्या. आता स्प्लेंडर, ॲक्टिव्हा आणि पावसाळ्यात चिखलानं रंग ओळखू न येणाऱ्या बुलेट. बोर्डावर मात्र अजून 'सायकल स्टँड'च आहे. बोर्ड नवा करायचा म्हटलं की कुठली भाषा वर, कुठली खाली, अक्षरं केवढी, हे सगळं आमच्या गावात आलंच. म्हणून गंजला असला तरी जुनाच बरा.

बाकीचे लोक ट्रॅफिक बघतात ते गाड्या पळताना, नाहीतर अडकलेल्या असताना. मी गाडी थांबल्यावर बघतो. कोण कुठून आला, किती वेळ ठेवणार, इथून पुढं कशानं जाणार, हे पावती फाडताना आपोआप कळतं. इतकी वर्षं पावत्या फाडून माझं एक मत पक्कं झालंय: रस्त्यावर गर्दी किती होणार हे रस्ता किती रुंद त्यावर कमी आणि गाडी शेवटी कुठं उभी राहणार त्यावर जास्त ठरतं.

हे लिहायला बसलो ते हुबळीच्या मामेभावामुळं. तिकडं चिगरी ह्या वेगळ्या मार्गिकेतल्या जलद बसच्या जागी विजेवर चालणारी, डबे जोडल्यासारखी लांब गाडी आणायची चर्चा निघाल्यापासून तो मला व्हॉट्सॲपवर फ्रान्स-स्वित्झर्लंडचे व्हिडिओ पाठवत असतो. हिरवळीतून रूळ गेलेत, त्यावरून काचेची ट्राम निघालीय, शेजारून एक म्हातारी कुत्रं फिरवत चाललीय. खाली ह्याचा मेसेज: 'बघ, रस्त्यावर एक गाडी नाही.' त्यातला एक व्हिडिओ मी स्टँडवर बसलेल्या एका गुरुजींना दाखवला. सांबऱ्याचे, रिटायर झाले तरी रोज गावात येणारे. बघून म्हणाले, "असलं कायतरी बेळगावात आलं की तुझं दुकान बंद गा."

मी म्हटलं, "उलटं आहे गुरुजी. असलं आलं की माझ्यासारखी आणखी दहा दुकानं निघतील. आणि जिथं निघणार नाहीत तिथं लोकांच्या दारात गाड्या लागतील."

गुरुजींना पटलं नाही. तेव्हा ट्राम, मेट्रो नाहीतर लाइट रेल आली की रस्त्यावरच्या गाड्या खरंच कमी होतात का, ह्यावर त्यांना जे तोंडी सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितो.

आमच्याकडं गिऱ्हाईक दोन प्रकारचं. पहिलं सगळ्यांना माहीत असलेलं. वडगाव, अनगोळ, हिंदवाडीतून सकाळी गाडीवर येतो, गाडी आत ढकलतो आणि लोंढ्याकडची नाहीतर मिरजेकडची रेल्वे धरतो. संध्याकाळी उतरला की गाडी काढून घरी. दुसरं गिऱ्हाईक बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. तो खानापूर, घटप्रभा, गोकाक रोडकडून रेल्वेनं येतो आणि त्याची एक जुनी गाडी आमच्याकडं रात्रभर पडून असते. सकाळी उतरला की ती काढून उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो, नाहीतर नेहरूनगरच्या हॉस्पिटलकडं. संध्याकाळी परत आणून लावतो आणि रेल्वेत बसतो. ह्यांना आम्ही मुक्कामी गाड्या म्हणतो. मुक्कामी गाडी ओळखायची खूण म्हणजे आरसा एकच असतो, सीट उंदरानं कुरतडलेली असते आणि इन्शुरन्सचं विचारायचं नसतं.

धंद्याच्या दृष्टीनं ही जोडी म्हणजे लॉटरी. सकाळी मुक्कामी गाडी निघाली की त्याच जागेवर अनगोळवाला येऊन लावतो. संध्याकाळी तो गेला की मुक्कामी परत येते. एक जागा, दोन भाडी. त्यासाठी 'हँडल लॉक करू नका' हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, कारण दिवसभरात एकेक गाडी चार वेळा तरी इकडून तिकडं सरकवावी लागते. तरी रोज कोणीतरी लॉक करून जातोच, आणि मग ती गाडी आम्ही पोत्यासारखी उचलून बाजूला ठेवतो.

आता ट्रॅफिकच्या दृष्टीनं बघा. खानापूर ते बेळगाव साधारण 26 किलोमीटर. दुसऱ्या गिऱ्हाइकानं ते अंतर रेल्वेत काढलं, म्हणजे खानापूर रोडवरची एक गाडी खरंच कमी झाली. पहिल्या गिऱ्हाइकाचं तसं नाही. त्यानंही पुढचा प्रवास रेल्वेनं केला, पण स्टेशनला पोचायला तो ऐन गर्दीच्या वेळी अर्धं शहर ओलांडून आला. बाहेरच्या हायवेवर एक गाडी कमी, काँग्रेस रोडवर एक जास्त. रेल्वे दोघांना एकच, तिकीट दोघांचं सारखंच, पण शहराच्या रस्त्यावर परिणाम अगदी उलटा. कारण एकाची गाडी घराकडच्या टोकाला थांबायला हवी होती, ती शहराच्या पोटात येऊन थांबली.

आणि जे आमच्याकडं येत नाहीत त्यांचं काय? आमचा दर दिवसाला दहा रुपये. दहा रुपये वाचवण्यासाठी माणूस किती चालतो हे बघायचं असेल तर सकाळी माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसा. समोरच्या गल्लीत दोन्ही बाजूंना फुकट गाड्या लागतात. तिथल्या लोकांनी सगळे उपाय करून बघितलेत: दगड, जुने टायर, मेलेल्या तुळशीच्या कुंड्या, 'येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल' अशी पाटी. पाटीखालीच गाडी असते. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "पाच मिनिटांत येऊलालोय काकू." काकूंना माहीत आहे की तो धारवाडला गेलाय.

हे फक्त आमच्या गल्लीत होतं असं समजू नका. जगात जिथं जिथं रोजच्या प्रवाशांसाठी स्टेशन झालं तिथं तिथं आजूबाजूच्या गल्ल्यांचं हेच झालं. माझी बहीण पुण्यात कोथरूडला असते. वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो 6 मार्च 2022 ला सुरू झाली तेव्हा पहिल्या आठवड्यात सगळं घर नुसतं फिरून आलं. 1 ऑगस्ट 2023 ला ती रुबी हॉलपर्यंत गेली, सिव्हिल कोर्टला दुसरी लाइन मिळाली, आणि मग खरे रोजचे लोक आले. त्याबरोबर तिच्या सोसायटीच्या गल्लीत सकाळी अनोळखी दुचाक्याही आल्या. सोसायटीनं साखळी लावली. साखळी लावल्यावर त्या शेजारच्या गल्लीत गेल्या.

बहीण मेट्रोनं जाते आणि तिचं मेट्रोवर फार प्रेम आहे. दाजी मात्र अजून कारनंच जातात. मी कारण विचारलं. त्यांच्या ऑफिसात तळघरात जागा फुकट मिळते. मेट्रोला जाऊन-येऊन पैसे लागतात, कार लावायला लागत नाहीत, मग कोण जिने चढणार? शिवाय नळस्टॉपला खाली रस्ता, मध्ये वाहनांसाठी उड्डाणपूल आणि त्याच्यावर मेट्रो असं दुमजली काम केलंय. नागपूरला वर्धा रोडवर तर असाच 3 किलोमीटरहून लांब दुमजली पूल आहे, त्याची गिनीज बुकात नोंद झाली. म्हणजे एकाच खांबावर एक मजला गाडी सोडा म्हणणारा आणि दुसरा मजला गाडी आणा म्हणणारा. दाजींनी खालचा मजला निवडला, ह्यात त्यांचं काय चुकलं?

मामेभावाला मी हेच विचारलं होतं. तुमची चिगरी आहेच की. हुबळी ते धारवाड 22 किलोमीटर, रस्त्याच्या मधोमध बससाठी वेगळी मार्गिका, 2018 मध्ये बस धावायला लागल्या, फेब्रुवारी 2020 मध्ये रीतसर उद्घाटन झालं. वेगळ्या मार्गिकेत ती सुसाट जाते. मीही बसलोय, विद्यानगरच्या पट्ट्यात बाजूच्या कारवाल्यांकडं खिडकीतून बघायला बरं वाटतं. मग रस्त्यावरच्या गाड्या कमी झाल्या का? तो म्हणाला, नाही, उरलेला रस्ता अरुंद झाला म्हणून लोक बसला शिव्या देतात. मी म्हटलं, तू स्वतः कशानं जातोस? म्हणाला, बाइकनं. दुकानासमोर लावायला जागा आहे ना.

लाइट रेल म्हणजे ट्राम आणि मेट्रो ह्यांच्या मधलं प्रकरण: रुळांवरून, विजेवर, बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या पातळीवरूनच चालणारी, पण आपली वेगळी जागा असलेली गाडी. ती आली की शेजारच्या रस्त्यावरची वाहतूक घटते का, ह्यावर अमेरिकेत भरपूर मोजमाप झालंय. आणि गंमत म्हणजे उत्तरं दोन्ही बाजूंची आलीत.

सॉल्ट लेक सिटीत 2002 च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या तोंडावर, डिसेंबर 2001 मध्ये, युटा विद्यापीठाकडं जाणारी लाइट रेल सुरू झाली. त्याच विद्यापीठातल्या अभ्यासकांनी 2014 मध्ये हिशोब मांडला. रेल्वे नसती तर त्या रस्त्यावर दिवसाला सुमारे 44,000 वाहनं असती, ती प्रत्यक्षात 22,300 च्या आसपास राहिली. म्हणजे निम्मी. हा आकडा वाचून मी चहा बाजूला ठेवला. मग बारकाईनं बघितलं तर लाइनीच्या एका टोकाला विद्यापीठ आहे. विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांना विद्यापीठाच्या ओळखपत्रावर रेल्वेचा प्रवास मिळतो, आणि आवारात कार लावायला मात्र पैसे भरून परवाना घ्यावा लागतो. दाजींच्या ऑफिसच्या बरोबर उलटा कारभार.

दुसरीकडं लॉस एंजेलिस. तिथं 2012 मध्ये एक्स्पो लाइन सुरू झाली, 2016 मध्ये ती सांता मोनिकाच्या समुद्रापर्यंत गेली. अभ्यास झाला तो पहिल्या टप्प्यानंतर. शेजारच्या हायवेवर आणि समांतर रस्त्यांवर वेग वाढला का, तर लक्षात येण्याइतका फरक नाही. पण दुसऱ्या अभ्यासात नवीन स्टेशनजवळ राहणाऱ्या घरांना विचारलं, तर दूरच्या घरांच्या तुलनेत त्यांचं गाडी चालवणं दिवसाला साधारण 10 मैलांनी कमी झालेलं. लोकांनी गाडी कमी चालवली, तरी रस्ता तेवढाच भरलेला. हे कसं?

ह्याचं उत्तर अँथनी डाउन्स नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं 1962 पासून सांगायला सुरुवात केली होती. गर्दीच्या रस्त्यावर थोडी जागा झाली की ती तशी राहत नाही. कोण दुसऱ्या रस्त्यानं जायचा तो इकडं वळतो, कोण गर्दी चुकवायला लवकर निघायचा तो आता आरामात निघतो, आणि कोण बसनं जायचा तो म्हणतो, रस्ता मोकळा दिसतोय, काढूया गाडी. आम्हाला हे समजायला अमेरिकेला जायची गरज नव्हती. बेळगावात पहिलं, दुसरं, तिसरं अशी रेल्वे गेटं आहेत, आणि ह्या गेटांवर आमच्या दोन पिढ्यांचं आयुष्य गेलं. कपिलेश्वरला उड्डाणपूल झाला, तिसऱ्या गेटला उड्डाणपूल झाला. गेटवरची रांग गेली हे खरंच आहे, त्यासाठी मी हात जोडीन. पण ती रांग विरघळली नाही, पुढच्या सिग्नलला जाऊन उभी राहिली. आणि अनगोळचे जे लोक गेटच्या कंटाळ्यानं गावात यायचं टाळायचे, ते पुलावरून आता रोज येतात. माझ्याकडं लावतात. त्यामुळं माझी तक्रार नाही.

पण मग रेल्वेचा उपयोगच नाही म्हणायचं का? गुरुजींनी हेच विचारलं. तर लॉस एंजेलिसचीच गोष्ट. 2003 मध्ये तिथल्या बस आणि रेल्वे कर्मचाऱ्यांनी 35 दिवस संप केला. तसं तिथं बस-रेल्वेनं जाणारे लोक एकूण प्रवाशांत थोडेच. तरी मायकेल अँडरसन ह्या अभ्यासकानं हायवेवरचे आकडे काढले तेव्हा त्या दिवसांत गर्दीमुळं होणारा उशीर सरासरी 47 टक्क्यांनी वाढलेला निघाला. म्हणजे बस-रेल्वे चालू असताना त्यांचा उपयोग दिसत नाही, बंद पडल्या की दिसतो. कर्नाटकात परिवहनचा संप होतो त्या दिवशी आमच्या स्टँडवर सकाळी साडेआठलाच 'जागा नाही'चा फळा लावावा लागतो, त्याचा अर्थ मला हे वाचल्यावर नीट कळला.

आता पार्किंगकडं येतो, कारण तो माझा प्रांत. कॅनडात कॅलगरी नावाचं गाव आहे, तिथं 1981 पासून लाइट रेल आहे. बाहेरच्या स्टेशनांवर कार लावायला मोठमोठी मैदानं आणि शहराच्या मध्यभागी मात्र नवीन इमारतींना हवं तेवढं पार्किंग बांधू दिलं नाही. मध्यभागी कार लावणं महाग, बाहेर लावणं स्वस्त. साहजिक लोक बाहेर लावून रेल्वेत बसले. 2009 मध्ये त्यांनी बाहेरच्या स्टेशनांवरही दिवसाला 3 डॉलर लावले. बोंबाबोंब झाली आणि 2011 मध्ये ते मागं घेतले. ही बातमी वाचून मला कॅनडाबद्दल एकदम आपुलकी वाटली. तिथंही काका दहा रुपयांसाठी भांडतात. फक्त काय चुकलं त्यात, हे माझ्या धंद्यातला कोणीही सांगेल: बाहेरच्या टोकाला पैसे घ्यायचे असतील तर ते तिकिटात मिसळून घ्यायचे, वेगळा हात पुढं करायचा नाही.

फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गनं ते बरोबर केलंय. तिथं गावाबाहेरच्या ट्रामच्या थांब्यावर कार लावली की पार्किंगच्या त्याच तिकिटात गाडीतल्या सगळ्यांचं ट्रामनं जाणं-येणं येतं. एकटा आला काय आणि बायकोपोरं घेऊन आला काय, तेवढेच पैसे. मामेभावाच्या व्हिडिओतलं गाव हेच. मी त्याला मुद्दाम कळवलं की तिथला रस्ता ट्राममुळं रिकामा झालेला नाही. तिथल्या मुख्य चौकातून आरपार जाणाऱ्या गाड्या 1992 मध्येच बंद केल्या, ट्राम धावली 1994 मध्ये. आधी रस्ता बंद, मग ट्राम. व्हिडिओत जी म्हातारी निवांत कुत्रं फिरवते ती पहिल्या निर्णयामुळं, ट्राम फक्त तिला घरी नेऊन सोडते.

इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम त्याच्याही पुढं गेलं. ज्या कंपनीकडं कर्मचाऱ्यांसाठी 11 किंवा जास्त पार्किंगच्या जागा आहेत, तिला 2012 पासून दर जागेमागं वर्षाला पालिकेला पैसे भरावे लागतात. ते पैसे ट्रामच्या कामाला गेले. 2015 मध्ये तिथं ट्रामच्या दोन नवीन लाइनी सुरू झाल्या. आणि गावाबाहेरच्या ट्राम थांब्यांवर 5,000 च्या वर कार फुकट लावायची सोय. दाजींच्या तळघराचं भाडं घेऊन बहिणीची मेट्रो चालवायची, असाच हा हिशोब झाला. दाजींना सांगितलं तर त्यांनी विषय बदलला.

आपल्या देशात रुळांवरची गाडी रस्त्यात होतीच की. मुंबईत 1874 पासून घोड्यांची आणि 1907 पासून विजेची ट्राम होती, ती 31 मार्च 1964 ला बंद केली. कोलकात्यात 1873 मध्ये पहिली ट्राम धावली. 2024 मध्ये तिथल्या सरकारनं सांगितलं की मैदान ते एस्प्लनेड एवढी वारसा म्हणून ठेवू, बाकी बंद. कारण काय तर ट्राममुळं रस्ता तुंबतो. बिचारी रुळावरून बाजूला होऊ शकत नाही, तिच्यापुढं टॅक्सी, हातगाडी, उभी केलेली कार, सगळे. उभ्या कारला कोणी हटकत नाही. दंड ट्रामला.

आता बेळगावचं बोलू. मला मेट्रो-बिट्रोचं स्वप्न पडत नाही. आमच्याकडं रूळ आहेतच. ऑगस्ट 2025 पासून बंगळूरची वंदे भारत इथून सुटते, विजेच्या तारा आल्यात. पण वंदे भारत खानापूरच्या कामगाराला काय कामाची? रुळांची रांग बघा: खानापूर, इदलहोंड, देसूर, बेळगाव, सांबरा, सुळेभावी. ही सगळी आमच्या रोजच्या माणसांची गावं आहेत. उद्यमबागेच्या कडेनं रूळ जातात आणि तिथं थांबा नाही. हजारो कामगार खानापूर रोडवरून दुचाकीनं त्याच रुळांना समांतर जातात. जर्मनीत कार्ल्सरूहला 1992 पासून हेच करतात, शहरातली ट्राम मेन लाइनीवर चढते आणि खेडोपाडी जाते. रस्ता खणायचा नाही, खांब उभारायचे नाहीत. दोन-तीन डब्यांची गाडी अर्ध्या तासानं ह्या लाइनीवर सोडली आणि उद्यमबागेला एक साधा फलाट बांधला, तर त्याला काय म्हणायचं ते म्हणा, मी लाइट रेल म्हणीन.

फक्त एक अट. ती आली की पहिल्या दिवसापासून देसूरला, इदलहोंडला, सुळेभावीला स्टेशनला लागून दुचाकी स्टँड हवं. नंदीहळ्ळी, गर्लगुंजीकडचा माणूस आपल्या गाडीनं देसूरला येईल, कारण फलाटापर्यंत दुसरं काही जात नाही. तिथं त्याला गाडीची काळजी नसली पाहिजे. शेड हवी, उजेड हवा, हेल्मेट ठेवायला कप्पा हवा. आणि पैसे रेल्वेच्या पासातच. ह्या सगळ्याला एखाद्या उड्डाणपुलाच्या कठड्याएवढासुद्धा खर्च येणार नाही. तिथं नाही केलं तर तो म्हणेल, गाडी काढलीच आहे तर आणखी दहा-बारा किलोमीटर काय, आणि थेट खडेबाजारात येऊन लावेल.

खडेबाजारात येऊन लावू देतो म्हणूनच तो येतो. गणपतीच्या आधी गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. चंदगडचे, गोव्याचे लोक लग्नाचा बस्ता बांधायला इथं येतात ते चारचाकी घेऊन. दुकानदारांना विचारा, म्हणतील गाड्या येऊ दिल्या नाहीत तर धंदा बुडेल. पण दुकानासमोर सकाळी नऊपासून उभी असलेली गाडी गिऱ्हाइकाची नसते, दुकानदाराची स्वतःची असते. हे मी आत्मविश्वासानं सांगतो, कारण त्यांतले काही आमच्याकडं महिन्याचा पास विचारायला आले होते आणि दर ऐकून परत गेले.

बसभाड्यानं काय होतं ते आम्ही अलीकडंच बघितलंय. कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना राज्याच्या आत साधी बस फुकट झाली. वेंगुर्ला रोडवर बाची कर्नाटकात आणि त्याला लागून शिनोळी महाराष्ट्रात. माझी मेहुणी शिनोळीला दिलेली. तिला ती सवलत नाही. महाराष्ट्रातलं एसटीचं अर्धं तिकीट तिकडं, हद्दीच्या पलीकडं. बाचीतल्या तिच्या मैत्रिणीनं स्कूटी घरी ठेवली आणि बसनं यायला लागली. मेहुणी अजून स्कूटीवर येते, समोरच्या गल्लीत फुकट लावते आणि मग माझ्याकडं चहाला येते. माझ्या स्टँडवर लावत नाही, कारण मी पैसे घेणार नाही आणि तिला ते बरं वाटत नाही. समोरच्या काकूंना अजून माहीत नाही ती आमची पाहुणी आहे ते.

गुरुजी शेवटी म्हणाले, "तुझं म्हणणं खरं धरलं तर तुझं स्टँडच चुकीच्या जागी आहे की."

आहेच. शहराच्या आत स्टँड जेवढं चांगलं, तेवढ्या गाड्या आत येणार. मुक्कामी गाड्यांसाठी ते हवंच, बाकीच्यांसाठी नको. तसंही फार दिवस राहील असं वाटत नाही. जागेच्या मालकांनी इथं कॉम्प्लेक्स बांधायचं ठरवलंय. नकाशात तळघरात पार्किंग दाखवलंय, म्हणजे तिथं मोबाइलची दुकानं होणार हे बेळगावकरांना वेगळं सांगायला नको. सध्या मी रविवारी देसूरकडं चक्कर मारतो. स्टेशनच्या आसपास चार-पाच गुंठे, रस्त्याला लागून, भाड्यानं कोणाकडं असतील तर कळवा. गाडी कधी सुरू होईल ते माझ्या हातात नाही, पण शेडचे पत्रे माझे स्वतःचे आहेत.